कानामागचं हाड

माझ्या आईचा डावा कान मी जन्मायच्या आधीच वाहून वाहून बहिरा झाला होता. माझ्या शाळेच्या दिवसांत उजवाही वाहू लागला. लसणीचं तेल, तुरटीचं पाणी, सगळं करून झालं. वास येऊ नये म्हणून कानात कापसाचा बोळा घालून, वर पदर ओढून ती बुऱ्हाणपूरच्या बाजारात हिंडायची. मी डॉक्टर झाले आणि कानाची शस्त्रक्रिया शिकायला नागपूरलाच राहिले, तेव्हा ती म्हणाली, "आता मले दुसऱ्या कुणाकडं नेऊ नका. माझी पोरगीच करेल."

वडील शाळेत शिक्षक होते. त्यांनी समजावून पाहिलं. ती भाजी निवडत राहिली.

त्याच सुमारास राज्यांची नवी वाटणी झाली. नागपूर आमची राजधानी होती, ती मुंबई राज्यात गेली; आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. भुसावळला गाडी बदलून मी सुटीला घरी आले, तर आई दारातूनच ओरडली, "तुझं कॉलेज परराज्यात गेलं म्हणे! तुले परत येऊ देतील ना?" आपला आवाज किती चढलाय हे तिला कळेनासं झालं होतं. शेजारच्या ओट्यावरच्या बायका हसल्या.

आमचं शिकणं हाडांवर चालायचं. जिवंत माणसाच्या कानामागे छिन्नी लावण्याआधी आमचे सर आम्हाला प्रेताच्या कवटीतून काढलेलं कानाचं हाड द्यायचे. ते प्लास्टरच्या ठोकळ्यात बसवायचं आणि छिन्नी-हातोडीनं थोडं थोडं उघडत जायचं. आत एकीकडे मेंदूचं आवरण, दुसरीकडे चेहऱ्याची नस. ती तुटली की तोंड कायमचं वाकडं. "नुसतं बघू नका," सर म्हणायचे, "हाड पातळ झालं की ठोक्याचा आवाज बदलतो. तो ऐका." सुरुवातीला माझ्याकडून नस तुटायचीच. सर चिमट्यानं तुटलेली टोकं उचलून दाखवायचे आणि विचारायचे, "यांच्या घरच्यांना आता काय सांगाल?" मी मान खाली घालून दुसरं हाड मागायची.

नस शाबूत राहू लागली तेव्हा मी वडिलांना निरोप दिला, आईला घेऊन या.

ऑपरेशनच्या आधी तिला मी कुठे शिकते ते बघायचं होतं. मी तिला हाडांच्या खोलीत नेलं. माझ्या टेबलावरचा ठोकळा पाहून तिनं विचारलं, "हे कोणाचं?"

"बेवारस होता कुणीतरी," मी म्हटलं. तिला ऐकू गेलं नाही. मला तो शब्द तिच्या कानाशी ओरडून सांगावा लागला.

"नाव काय त्याचं?"

मी मान हलवली.

"त्याच्याकडचं कोणीच नाही आलं?" तिनं पदर तोंडाला लावला आणि ती रडायला लागली. वडील अवघडून दाराकडे बघत राहिले. इतकी हाडं मी कोरली होती. मला कधी रडू आलं नव्हतं.

सरांनी मला ऑपरेशन करू दिलं नाही. "आईवर मुलीचा हात चालत नाही. मी करतो, तुम्ही मदतीला थांबा." हे तिला सांगितलं तेव्हा ती माझ्याकडे बघतच राहिली. "मग इतकं शिकली कशाले?" नंतर मात्र निमूट टेबलावर झोपली.

उजव्या कानामागची कापलेली त्वचा बाजूला धरून मी उभी होते. पुवानं हाड पार मेंदूच्या आवरणापर्यंत खाल्लं होतं. एका ठोक्याचा आवाज बदलला. मी तो ऐकला. त्याच क्षणी सर थांबले.

पट्टी सोडली त्या दिवशी मी तिच्या मागे उभी राहून हाक मारली, "आई." मग मोठ्यानं. मग ओरडून. ती समोरच्या भिंतीकडे बघत बसली होती. सर हळूच म्हणाले, "रोग आतल्या कानात शिरला होता. जीव वाचला, एवढंच समजा."

मी समोर आले. माझा चेहरा पाहून तीच म्हणाली, "ऐकू नाही ना येणार आता?" मी नाही म्हणून मान हलवली. तिनं माझे डोळे पुसले. "वास तर गेला न. बस झालं."

पुढे मी बुऱ्हाणपूरलाच दवाखाना काढला. आसपासच्या खकनार, देडतलाईकडून लोक यायचे. बाहेरच्या खोलीत आई बसायची. एखादा पेशंट हाकेसरशी वळला की तिला दिसायचं. "याले ऐकू येते ना?" ती मोठ्यानं विचारायची, आणि मी हो म्हटलं की दिवसभर खुशीत असायची. लोक हसतात हे एकदा तिनं पाहिलं आणि ते विचारणंही बंद केलं. मग ती फक्त माझ्याशी बोलायची, माझ्या ओठांकडे बघत.

शेवटच्या आजारात तिनं डोळे मिटले, ते पुन्हा फारसे उघडले नाहीत. डोळे मिटल्यावर तिला काही सांगायची सोयच राहिली नाही. दुपारभर मी तिचा हात धरून बसून होते. वडिलांनी विचारलं, "काही म्हणाली का?" मी नाही म्हटलं.