घाण सांभाळणारा टाकीवाला

माझ्या मामाने उभं आयुष्य लोकांच्या टाक्या धुण्यात घालवलं. शिडी लावायची, टाकीत उतरायचं, शेवाळ खरवडायचं आणि वर येऊन घरमालकाला सांगायचं, "आता यात बघून भांग पाडा." गावभर तो टाकीवाला म्हणूनच ओळखला जातो. मामीच्या मते या माणसाला चहा संपायच्या आधीच कप विसळायची घाई असते.

मग गुडघे बोलायला लागले आणि शिडी सुटली. जावयाचं चपलांचं दुकान आहे. माणूस भला. तो म्हणाला, "बाबा, दुकानात येऊन बसा. तुमच्यासाठी उंच स्टूल घेतलंय, गादीवालं. गुडघा वाकवायलाच नको." मामा हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. त्या दिवशी जेवताना त्याने पाण्याचा पेला तीनदा विसळला, तेव्हा मामी काय ते समजली.

"पाण्यापासून तोडलं तर वाळून जातील हे," ती मला म्हणाली.

म्हणून परसात मांडणी झाली. कुणीतरी टाकून दिलेली बुटकी टाकी खाली, तिच्यात मासे. शेजारी विटांचा ओटा, त्यावर उभं चिरलेलं निळं पिंप, गोट्यांनी भरलेलं. छोटा पंप माशांचं पाणी वर गोट्यांत सोडणार, तिथली रोपं त्यातलं खत खाणार आणि निवळलेलं पाणी नळीतून परत माशांकडे. मातीचा कण नाही. याचं चित्र मी काढलं होतं, पण त्यावर मामीने गरम पातेलं ठेवलं, त्यामुळे पुढचं सगळं अंदाजाने झालं.

मामीची अट एकच. "ताटात येईपर्यंत ते मासे जिवंत राहिले पाहिजेत. टाकीत मरायला लागले, तर टाकी भंगारात आणि तुम्ही दुकानात."

सुरुवातीला सगळं झकास चाललं. पालक वर आला, पुदिना पसरला. सगळ्यात जाड माशाला मामी जावईबापू म्हणू लागली, कारण खाणं टाकलं की पहिला मान त्याचा. खऱ्या जावयाला हे कुणी सांगितलेलं नाही.

मग पालक पिवळा पडला. मासे वर येऊन तोंडांची उघडझाप करू लागले. मामाकडे जगातल्या प्रत्येक दुखण्यावर एकच औषध: ब्रश. तो दर रविवारी गोटे काढून नळाखाली घासतच होता, आता एक दिवसाआड घासू लागला. गोटे असे चकाकायचे, की सोनाराने काचेत मांडावेत. आणि दोन मासे मेले.

मामीने ते कोपऱ्यातल्या झाडाखाली पुरले आणि हात धुतले. ती रागावली असती तर बरं झालं असतं, असं मामाच्या तोंडावर दिसत होतं.

टाकी भंगारात जायच्या आत मी त्याला शोभेचे मासे विकणाऱ्या बाईंकडे नेलं. त्यांनी पहिलाच प्रश्न केला, "गोटे धुता?"

"म्हणजे काय," मामा छाती काढून म्हणाला. "ब्रशने. नळाखाली. एकसुद्धा सोडत नाही."

बाईंनी कपाळाला हात लावला. "काका, त्या बुळबुळीत थरात जिवाणू असतात. माशांच्या घाणीतलं विष तेच मोडतात, तेव्हा कुठे त्याचं खत होतं. तुम्ही त्यांनाच धुऊन काढता. वर नळाच्या पाण्यातलं जंतू मारायचं औषध आहेच, उरलेसुरले त्याने जातात."

त्यांनी आपल्या जुन्या टाकीतले शेवाळलेले गोटे बादलीभर दिले. लोकांच्या घरातली घाण जन्मभर बाहेर काढणारा माणूस ती पहिल्यांदाच स्वतःच्या घरी घेऊन चालला होता. बादली त्याने अशी अंगापासून लांब धरली होती, जणू ती चावेल.

मामीने बादलीत डोकावून बघितलं. "हे तर विरजण. रोज भांडं घासून विरजणही मोरीत ओतलंत, तर दही लागणार कसं?"

ते गोटे पिंपात गेले आणि घाण कमी व्हावी म्हणून माशांचं खाणं काही दिवस बंद झालं. रोज थोडं पाणी काढून आदल्या दिवशी बादलीत भरून ठेवलेलं, औषध उडून गेलेलं पाणी घालायचं, आणि बाकी काही करायचं नाही. हे शेवटचंच मामाला जमेना. रविवारी तो ब्रश घेऊन पिंपाशी उभा, हात शिवशिवत होते.

"अहो, तो ब्रश इकडे."

"नुसता बघत होतो गं."

"ब्रशने बघतात होय?"

त्याने ब्रश दिला, आणि जाऊन हाताने मोरी घासली. दोनदा.

हळूहळू मासे तळाशी उतरले. पालकाला नवी पानं आली, हिरवीगार. मग जावई आला. त्याने आधी पिंपात बोट फिरवलं.

"बाबा, किती बुळबुळीत झालंय हे. घासून देऊ?"

"हात लावू नका," मामा म्हणाला. आवाज चढला नव्हता, तरी जावयाचं बोट परत आलं.

"मग दुकानातल्या स्टुलाचं काय करू?"

मामाने गुडघा चोळला. "इकडेच पाठवा. काही न करता उभं राहणं जड जातं."

"जावईबापूंना भूक लागली असेल," म्हणत मामी आतून आली.

"नाही हो आई, मी आत्ताच खाऊन—"

ती त्याच्या शेजारून पुढे गेली आणि मूठ टाकीवर उघडली.