राजुरीच्या प्लॉटातल्या नांग्या

राजुरीच्या टोमॅटोच्या प्लॉटाचा विषय निघाला की इतकी वर्षं मी पाणी प्यायच्या निमित्ताने उठून जात आलो. घरच्यांनाही खरं सांगितलेलं नाही.

दोन हजार सालानंतरचे दिवस. एका बियाणे कंपनीच्या प्लॉटावर देखरेख करायला मी घोडेगावहून राजुरीला जायचो. जमीन तिथल्याच एका शेतकऱ्याची, राखणही त्यांचीच. सगळे त्यांना भाऊ म्हणत. पानं आकसून झाड खुरटतं, त्या रोगाला टिकणारा टोमॅटो आणि भरघोस येणारा टोमॅटो यांच्या संकराची ती दुसरी पिढी. त्यातलं प्रत्येक झाड वेगळं. लागवड होताच प्रत्येकाचं कोवळं पान बर्फाच्या डब्यातून पुण्याला गेलं. तिथे कंपनीच्या प्रयोगशाळेतल्या मॅडम पानाच्या डीएनएत ठरावीक खुणा शोधायच्या. इथे कोणतं झाड रोगाला टिकतं ते मी बघायचं. दोन्ही ताडून पाहिलं की रोग अडवणारं जनुक कुठे आहे ते कळणार होतं.

पण जुळेना. खूण सापडलेली काही झाडं चक्क खुरटून बसली.

"राखणीला कोण असतं?" मॅडमनी विचारलं.

त्या दिवसापासून मी भाऊंवर नजर ठेवली. एकदा ते मोटारसायकलवरून आलेल्या माणसाला प्लॉट दाखवत होते. जावई आहे म्हणाले. मला तो दुसऱ्या कंपनीचाच वाटला.

"राव, तुमच्या दर झाडाला चिठ्ठी हाय," भाऊ म्हणाले. "मला बी एक बांधा. म्हंजी सारखं बघाया नको, हाय का गेला."

खुरपणाऱ्या बायका हसल्या. मी हसलो नाही.

मग त्यांच्या घरामागे आमचीच रोपं दिसली.

"तुमीच बांधावर टाकली व्हती. वाळून जात्याल म्हणून लावली."

टाकली मीच होती. तरी मी मॅडमना फोन केला.

त्या आल्या. न जुळणाऱ्या झाडांची पानं त्यांनी मधल्या काळात पुन्हा तपासली होती. "पहिलं पान आणि आताचं पान एका झाडाचं नाही," त्या म्हणाल्या. "कुणीतरी झाडं बदललीत."

तेव्हा मला आठवलं. पानं पुण्याला गेल्यावर काही रोपं मेली होती. ओळीत मोकळी जागा दिसली की शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या माणसाला चैन पडत नाही. तो तिथे दुसरं रोप लावतो. त्यालाच नांग्या भरणं म्हणतात. उरलेल्या रोपांनी नांग्या मीच भरल्या होत्या. काठीवर चिठ्ठी मेलेल्या झाडाची, खाली रोप भलतंच. त्यातूनही उरली ती बांधावर टाकली.

मॅडम माझ्याकडे बघत होत्या, भाऊही.

"राखण यांची होती," मी म्हणालो. "घरामागे रोपं आहेत."

कंपनीने त्यांची जमीन सोडली. गावात त्यांना रोपचोर म्हणू लागले. जावयाच्या घरापर्यंत ते नाव गेलं.

काही वर्षांनी ते घोडेगावच्या स्टँडवर भेटले. "या पावणं, च्या घ्या." अर्धा कप झाल्यावर त्यांनी विचारलं, "घावला का तुमचा चोर?"

"नाही," मी म्हणालो.

मग माझी गाडी लागली, कंडक्टर घाई करू लागला आणि मला तेवढी सबब पुरली. आता भाऊ नाहीत. तेव्हा म्हणायचं होतं ते एवढंच, की भाऊ, नांग्या मी भरल्या होत्या. माझं चुकलं.