कागदबाईंचा रिकामा रकाना

कागदबाईंच्या हातात कुठलाही कागद द्या, त्या आधी त्याची मागची बाजू बघत. पोस्टाचं पाकीट असो, पगाराची चिठ्ठी असो, नाहीतर लग्नाची पत्रिका, सगळं आधी उलटं व्हायचं. दवाखान्यात टायपिस्ट म्हणून लागलो त्या दिवशी मी माझं नेमणुकीचं पत्र त्यांना दाखवलं. मागे काही नाही असं बघून त्यांनी शाईच्या पेनानं तिथं लिहिलं, 'दिले', पुढे तारीख. खाली 'परत आले', पुढे मोकळी जागा. "अहो बाई, हे माझ्याकडेच राहणार आहे," मी म्हटलं. "कागद आहे, टायपिस्ट. कुठंही जातो," त्या म्हणाल्या. दवाखान्यातल्या प्रत्येक कागदाच्या पाठीवर अशी नोंद असायची आणि तिला ओलांडून एक चिठ्ठीसुद्धा हरवलेली मी पाहिली नाही.

आमचा दवाखाना नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात, देणग्यांवर चालणारा. एक्स-रेच्या खोलीमागे रेकॉर्डची खोली होती आणि तिथं बाई वीस वर्षं बसत होत्या. खरं नाव फक्त पगारपत्रकावर. ख्रिस्ती, पन्नाशीच्या, एकट्या, नगरला मिशनच्या शाळेत शिकलेल्या. इंग्रजी असं की मोठे डॉक्टरसुद्धा स्पेलिंग विचारायला त्यांच्याकडे माणूस पाठवत. मला त्यांनी कधी नावानं हाक मारली नाही. माझं सगळं आयुष्य त्यांच्या लेखी 'टायपिस्ट' या एका शब्दात मावत होतं, आणि आज वाटतं, तोही त्यांनी जरा उदारपणेच वापरला.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "रकाना रिकामा राहिला तर राहू द्या. भरायचा म्हणून भरू नका." एकदा एका नव्या डॉक्टरानं, वय माहीत नसलेल्या साऱ्या बायकांच्या केसपेपरवर सरसकट 'चाळीस' ठोकून दिलं. बाईंनी तो गठ्ठा उचलला, वॉर्डात जाऊन त्याच्यासमोर ठेवला आणि सगळ्यांदेखत विचारलं, "काय हो डॉक्टर, ह्या सगळ्या एकाच दिवशी जन्मल्या का? बारशाला तुम्ही होता वाटतं!" पेशंटसुद्धा हसले. त्या दिवसापासून तो बिचारा रेकॉर्डच्या खोलीवरून मान खाली घालून जायचा.

आता मोठ्या डॉक्टरांबद्दल. हात सोन्याचा होता, हे मी नाकारणार नाही. लांबलांबून लोक त्यांच्या सुरीखाली झोपायला यायचे. पण त्यांना परदेशी जायचं होतं, आणि तिकडची जागा मिळायला नावावर छापलेला पेपर लागत होता. विषय त्यांनी असा शोधला की कुणीही टाळी द्यावी. आमच्याकडे तोंडाच्या कर्करोगाच्या बायका खूप येत, आणि केसपेपरवर 'तंबाखू' या रकान्यात त्यांच्यापुढे ओळीनं 'नाही', 'नाही', 'नाही'. म्हणजे तंबाखू न खाताही आमच्या बायकांना हा रोग होतो! परदेशातल्या कर्करोगाच्या एका जर्नलसाठी त्यांनी पेपर लिहिला. जर्नलच्या सूचना मी टाईपरायटरच्या वर भिंतीवर चिकटवल्या होत्या. टाईप केलेलंच हवं, डबल स्पेस, चारही बाजूंना मार्जिन, तीन प्रती. एक आकडा चुकला की तिन्ही प्रती ब्लेडनं खरवडायच्या. त्या तक्त्यानं माझे डोळे गेले.

तक्त्यासाठी केसपेपर काढून देणं बाईंकडे होतं. मिरजगावच्या गजराबाईंचा तो रकाना रिकामा निघाला. म्हातारी गालाचं ऑपरेशन होऊन व्हरांड्यात सुनेबरोबर बसली होती. बाई स्वतः गेल्या. मी यादी घेऊन मागे.

"आजी, तंबाखू खाता का?"

"आगं बया! तंबाखू खायाला मी काय गडी हाय?" असं म्हणून म्हातारीनं कनवटीची डबी काढली आणि काळी पूड बोटावर घेऊन चांगल्या बाजूच्या हिरडीला चोळायला लागली.

"मग हे काय?"

"मिसरी हाय, बाई. दात घासाया. सकाळी, दुपारी, निजताना. त्याबिगर चैन पडत न्हाई."

"कशाची करता?"

"कशाची म्हंजी? तंबाखूचीच की! तव्यावर काळी हुस्तवर भाजायची नि वाटायची."

शेजारी विशीतली सून, शेवंता, पदराआड हसत होती. तिचेही दात काळे. "मला आत्याबाईंनीच लावली सवय," ती म्हणाली.

आमच्याकडच्या कुठल्याही बाईनं हेच उत्तर दिलं असतं. मिश्री ही तोंड धुण्यात जमा, तंबाखू ही गड्यांची. मोठ्या डॉक्टरांच्या घरी कुणी मिश्री लावत नसेल, त्यांना काय सुचणार? पण माझी स्वतःची आई चुलीपुढं बसून रोज मिश्री भाजायची, तिच्या धुरानं मी खोकत मोठा झालो, आणि तरी ती सगळी 'नाही' टाईप करताना माझ्या डोक्यात काही पेटलं नाही! कागदबाईंनी मात्र माझ्या हातातली यादी घेतली आणि एकेका 'नाही'वरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "टायपिस्ट, हा तक्ता आपण बायकांना मिश्रीचं न विचारताच भरलाय."

त्यानंतर रविवारी बाई प्रार्थनेला दिसेनाशा झाल्या. पाद्रीसाहेबांनी विचारलं तर म्हणाल्या, "देवाला ठाऊक आहे मी कुठं गेलेय." एसटीनं मिरजगाव, सुपा, राहाता, जिथली पेशंट तिथं. ते बहात्तरच्या दुष्काळाचं साल. बायका घरी कुठल्या सापडायला? सगळ्या दुष्काळी कामावर खडी फोडायला. सुप्याकडे एका कामावर मुकादमाला वाटलं, बाई मस्टर तपासायला आली. त्यानं पळत जाऊन पाण्याचा तांब्या आणला. बाई निवांत पाणी प्यायल्या आणि मग बायकांत जाऊन बसल्या. 'तंबाखू खाता का' हा प्रश्न त्यांनी टाकून दिला होता. त्या विचारत, "सकाळी दाताला काय लावता?" की लगेच डब्या बाहेर. जी पेशंट वारली होती तिच्या घरच्यांना विचारलं. जिचा पत्ता लागला नाही तिचा रकाना रिकामा. सोमवारी वही दाखवताना त्यांचे पाय सुजलेले असायचे, पण चेहरा असा की जणू माहेरी जाऊन आल्यात.

वही भरल्यावर त्या मोठ्या डॉक्टरांकडे गेल्या. मी तिथं टाईप केलेली पानं लावत होतो.

"डॉक्टर, आपले 'नाही' बहुतेक सगळे 'होय' आहेत."

त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा पुसला. "बाई, हा तक्ता बदलला तर पेपरात उरतं काय?"

"मग नवा लिहू. मी मदत करते. ह्या बायकांना निदान सांगता तरी येईल, सोडा म्हणून."

"बघू. ठेवून जा वही."

तीन आठवड्यांनी वही परत आली. बाईंनी ती उलटून 'परत आले' पुढे तारीख घातली, मग उघडली. पहिल्याच पानात त्यांनी खूण म्हणून ठेवलेलं एसटीचं तिकीट तसूभरही हललेलं नव्हतं. पेपर त्याआधीच विमानाच्या टपालानं रजिस्टर होऊन गेला होता.

काही महिन्यांनी जर्नलकडून एक शंका आली. या स्त्रियांच्या तंबाखूच्या सवयीची खात्री कशी केली? माणूस शहाणा असणार तो. डॉक्टरांनी उत्तर सांगितलं, मी टाईप केलं, 'प्रत्येक रुग्ण स्त्रीला तिच्या मातृभाषेत प्रत्यक्ष विचारण्यात आले आहे.' वाक्यात खोटं काहीच नव्हतं, म्हणून तर ते मला अजून टोचतं. पेपर छापून आला. पेढे वाटले, मीही दोन खाल्ले. शेवटी बारीक टायपात रेकॉर्ड विभागाचे आभार होते. बाईंनी ते वाचलं आणि पेढा तसाच कागदावर ठेवला. "आभार मानलेत म्हणे. म्हणजे ह्या पापात मलाही ओढलं," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज चढलेला मी ऐकला तो तेवढाच.

मग त्यांनी स्वतः जर्नलला लिहायचं ठरवलं. कुणावर आरोप नाही, फक्त दुरुस्ती. काय विचारलं होतं, काय विचारायला हवं होतं, आणि वहीतला खरा तक्ता. मोत्यासारख्या अक्षरातली आठ पानं त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली. "तीन प्रती, टायपिस्ट. डबल स्पेस. फार उशीर नको. ती शेवंता विशीची आहे."

मी "हो हो, उद्याच" म्हणालो. मला कुणी अडवलं नव्हतं, हे आधी सांगून टाकतो. डॉक्टरांना पत्ताच नव्हता. पण मी टेंपररी होतो, कायम करण्याची शिफारस डॉक्टरांच्या हातात होती. एकदा ते जाताजाता माझ्या टेबलापाशी थांबले आणि सहज म्हणाले, "काय, काम काय चाललंय सध्या?" मी बाईंच्या पानांवर फाईल ओढली आणि म्हटलं, "काही नाही, साहेब." पुढे कधी रिबन संपली, कधी कार्बन नाही, कधी महिनाअखेर. बाई रोज पाच वाजता यायच्या, दारात उभ्या राहून टाईपरायटरकडे बघायच्या आणि जायच्या. का होत नाही, असं एकदाही विचारलं नाही. शेवटी एक दिवस हात पुढे केला, "द्या परत." आणि ती हातानं लिहिलेली आठ पानं तशीच रजिस्टर करून आल्या.

पानं परत आली. सोबत चार ओळींचं पत्र, हस्तलिखित मजकूर विचारात घेतला जात नाही. सूचनांप्रमाणे टाईप करून तीन प्रतींत पाठवल्यास जरूर पाहू. बाई सगळं घेऊन माझ्याकडे आल्या. मला वाटलं, आता झाडणार. झाडलं असतं तर बरं झालं असतं हो! पण त्यांनी गठ्ठा माझ्यासमोर नीट ठेवला, कोपरे जुळवले आणि म्हणाल्या, "हे तुमच्या खात्याचं आहे, टायपिस्ट. तुमच्याकडे असू द्या."

त्याच महिन्यात मी कायम झालो. वर्षाच्या आत मोठे डॉक्टर परदेशी गेले. आता तरी करायचं की नाही? पण तोवर भीतीची जागा लाजेनं घेतली होती. गठ्ठा खणात तळाशी गेला आणि मी खण उघडायचंच सोडलं. बाई निवृत्त झाल्या तेव्हा निरोपसमारंभात मी भाषण केलं. टाईप करून आणलं होतं, डबल स्पेस, चारही बाजूंना मार्जिन. भाषण झाल्यावर बाईंनी तो कागद मागून घेतला, सवयीनं उलटून पाहिला, आणि काही न लिहिता पर्समध्ये ठेवला. राहात्याला भाचीकडे राहायला गेल्या. दोन वर्षांनी त्या गेल्याचं कार्ड आलं. कार्डाच्या मागेपुढे मी किती वेळा पाहिलं, सांगता येत नाही.

बरीच वर्षं गेली. मी हेडक्लार्क झालो. एकदा ओपीडीत रजिस्टर घेऊन उभा होतो तर समोर एक चाळिशीची बाई, गालावर रुमाल दाबलेला. नव्या डॉक्टरानं विचारलं, "तंबाखू खाता?"

"न्हाई."

त्यानं लिहिलं, 'नाही.' मी नाव पाहिलं. शेवंता, मिरजगाव.

"मिश्री लावता ना?" माझ्या तोंडून निघून गेलं. डॉक्टर माझ्याकडे बघायला लागला.

"ती लावते की. ती कोन लावत न्हाई?" ती रुमालाआडून म्हणाली. "तुमच्यातल्या एक बाई आल्त्या आमच्याकडं लई वर्सामागं. म्हनल्या, पोरी, सोड ही. मी सोडलीबी हुती वरीसभर. मग आत्याबाईला तपासाया आनलं तवा हितल्या मोठ्या डाक्टरला इचारलं. त्ये म्हनलं, तसं काय नसतं, आमी छापून आनलंय. मग परत लावाया लागले."

मी डॉक्टरला 'मिश्री, वयाच्या विशीआधीपासून' असं लिहायला लावलं. त्याचा तिला आता काय उपयोग होता!

मग येऊन खण उघडला. आठ पानं पिवळी पडली होती, कोपरे अजून जुळलेले. इतक्या वर्षांत, त्या बाईंच्या हाताखाली तयार झालेल्या मला, तो गठ्ठा उलटून पाहायचं सुचलं नव्हतं. शेवटच्या पानाच्या पाठीवर त्यांच्या अक्षरात ओळी होत्या. 'जर्नलला दिले', तारीख. 'परत आले', तारीख. त्याच्या वर, सगळ्यांत आधी लिहिलेली ओळ, 'टाईपला दिले', तारीख. आणि तिच्याखाली, 'टाईप होऊन आले.'

पुढची जागा मोकळी. पेन माझ्या खिशाला होतं. पण त्या रकान्यात घालायला माझ्याकडे तारीख नाही, आणि भरायचा म्हणून भरायचा नसतो.