नावच तर बदलत होतो!

मंडळी, आज नोएडाच्या ऑफिसात मान खाली घालायची वेळ आली, आणि चूक सर्वस्वी माझी होती.

एका हॉस्पिटलचं नेटवर्क आम्ही सांभाळतो. तिथे नेटवर्कवर पहारा ठेवणाऱ्या दोन फायरवॉल आहेत. एक काम करते, दुसरी तयार असते. पहिली बंद पडली की दुसरी लगेच तिची जागा घेते. त्यांच्या इंटरफेसची, म्हणजे केबल जोडायच्या पोर्टची, नावं फार गोंधळाची होती, म्हणून मी ती बदलायला घेतली.

माझी सहकारी फरहाना म्हणाली, "दादा, परवानगी घेऊन दोन्हीकडे एकदमच बदलूया ना."

"अगं, नावच तर बदलतोय यार!" असं म्हणून मी दुसरीवरची नावं बदलली आणि जेवायला गेलो.

नेमकी तेव्हाच पहिली बंद पडली. दुसरीने जागा घेतली खरी, पण तिच्यातले नियम जुनीच नावं शोधत राहिले. सगळं ठप्प! ओपीडीत पेशंट ताटकळले.

फरहानाने धावपळ करून जुनी नावं परत टाकली. मग कॉलवर हॉस्पिटलचे साहेब कडाडले, "किसने छेड़ा था?"

फरहाना म्हणाली, "सर, गलती हमसे हुई."

माझं नाव तिने घेतलंच नाही. मी तरीही गप्प. बोलणी तिने खाल्ली.

संध्याकाळी सगळ्यांना मेल लिहून चूक माझी असल्याचं सांगितलं. मग तिच्या डेस्कपाशी गेलो. ती बॅग उचलत म्हणाली, "चलो दादा, उद्या भेटू." माझ्या तोंडून साधं सॉरीसुद्धा फुटलं नाही.

मेल लिहिणं सोपं होतं. समोर उभं राहून माफी कशी मागता हो तुम्ही?