अर्धलीवर दिलेली शेळी

माझ्या बायकोच्या मामांनी आपल्या बँकेतल्या खात्यावर जेवढा जीव लावला, तेवढा कुणी पोटच्या पोरावरही लावला नसेल. आणि ते खाते उपाशी मारण्याचे पाप माझे आहे. मी भूमच्या एका बँकेत अधिकारी आहे. वरून टार्गेट होते, म्हणून मेंढरांमागे हिंडणाऱ्या या माणसाला साधे, शिल्लकेची अट नसलेले खाते द्यायचे सोडून मी ओव्हरड्राफ्टवाले खाते गळ्यात मारले. शिल्लक संपली तरी बँक पैसे उचलू देते, एवढे कौतुकाने सांगितले. दर वेळी त्याचा दंड बसतो, हे सांगताना मात्र मला नेमका खोकला आला.

मामांच्या लेखी ते खाते म्हणजे अर्धलीवर दिलेली शेळी होती. आमच्याकडे ज्याला जनावर पोसणे जमत नाही तो ते दुसऱ्याकडे देतो; तो पोसतो आणि होणारी करडे दोघे वाटून घेतात. म्हणून मामा दर आठवडी बाजाराला शेळी बघायला यायचे. पैसे भरायचे नसत, काढायचेही नसत. खांद्यावरची घोंगडी सावरत माझ्या टेबलापाशी येऊन ते संगणकाच्या पाठीवर हात फिरवायचे आणि तब्येत विचारायचे. व्याज जमा झाले की करडू झाल्याच्या आनंदात साऱ्या रांगेला शेंगदाणे वाटायचे. एकदा लाइट गेली, तर अंधारात ती बिचकेल म्हणून लाइट येईपर्यंत जागचे हलले नाहीत.

हे सारे मामींच्या कानाच्या मशीनसाठी चालले होते. मामींना ऐकू येईनासे झाल्यापासून मामांच्या भांडणातली चव गेली होती. "म्या एवढं टाकून बोलतो अन् ती हसून भाकर वाढती," ते कळवळून सांगत. "समोरून उत्तर न्हाय तर भांडायचं कशाला?"

गेल्या उन्हाळ्यात चारा महागला. मामांनी कडब्यासाठी चेक दिले, शिल्लक संपली आणि मी सांगितलेली सोय कामाला लागली. प्रत्येक चेकमागे दंड, वर दंडावर कर. पुढे मशीनसाठी बोकड विकून आलेले पैसे त्यांनी भरले, तर भरल्या भरल्या निम्मे गायब. मी नियम समजावून सांगितला. मामांनी तो शांतपणे ऐकून घेतला.

"म्हंजी शेळी तुमच्याकडं व्हती," ते म्हणाले, "ती वाळली. अन् वाळली म्हणून तुमी तिचीच तंगडी कापून खाल्ली. व्हय ना, जावईबापू?"

रांग हसली. मीही हसलो आणि पुढच्या माणसाचे पासबुक हातात घेतले.

त्यानंतर मामा बाजाराला आले, पण बँकेत आले नाहीत. मी वरिष्ठांना लिहिले. दंड नियमाप्रमाणेच आहे, असे उत्तर आले. शेवटी तेवढे पैसे पदरचे घेऊन मी त्यांच्या वस्तीवर गेलो. मामांनी पाकीट पुन्हा माझ्याच खिशात कोंबले. खाल्लं बँकेनं, मग तुमच्या लेकरांचं कसं घेऊ, म्हणाले. मी मान खाली घालून चूक कबूल करायला लागलो, तर मध्येच अडवले.

"मला कशाला सांगता? मशीन तिचं व्हतं. तिला सांगा."

मी मामींकडे वळून बोललो. त्यांनी हसून माझ्या कपात आणखी चहा ओतला. मामांनी काठीने खुणावले, आणखी मोठ्यांदा बोला. मी आवाज चढवला. मामींनी कानामागे हात धरला. मग मात्र मी उठून उभा राहिलो आणि शेजारच्या वस्तीवरची माणसे बाहेर येतील इतक्या मोठ्याने ओरडलो, "मामी, दंडाचं मला ठाऊक होतं. मी लपवलं. मला माफ करा."