हात वर, लूम बंद

माझ्या भावाला पेपरवाल्यांनी 'जनावर' म्हटलं होतं. ते कात्रण मी जाळलं नाही. साखरेच्या रिकाम्या डब्यात घडी घालून ठेवलंय. मधूनमधून काढून बघते आणि दर वेळी तळपायाची आग मस्तकात जाते.

पंचाण्णव साली गुजरातचा हेवीवेट चॅम्पियन झालेला योगराज निंबा बडगुजर हा माझा धाकटा भाऊ. मी पुष्पाबाई, त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठी. माय लवकर गेली, म्हणून त्याला मीच वाढवला. माझं तोंड वाईट आहे असं सुरतेतली आमची वस्ती, अख्खा गोडादरा म्हणतो. म्हणू दे. ज्यांची तोंडं गोड होती त्यांनी काय दिवे लावले, तेही मी पाहिलंय.

आम्ही मूळचे खानदेशातल्या पारोळ्याकडचे. बाप, निंबा बडगुजर, सुरतेला लूम चालवायला आला आणि आम्हाला घेऊन आला. एका पत्र्याच्या शेडमध्ये अठ्ठेचाळीस लूम. बा लूमवर, मी कोपऱ्यात सुताच्या कांड्या भरायला, आणि चौदा वर्षांचा झाल्यावर योगराजही तिथंच. बारा तासांची पाळी. आवाज असा की शेजारचा माणूस ओरडला तरी फक्त तोंड हललेलं दिसतं. म्हणून तिथं कोणी बोलतच नाही. सगळं हाताने. मूठ गरगर फिरवली की कांडी संपली. दोन बोटं ओठाला लावली की चहा. आणि उघडा पंजा डोक्याच्या वर धरला की लूम बंद कर, असशील तिथं थांब. तो पंजा बघून न थांबणारा माणूस शेडमध्ये टिकत नाही, कारण एकदा कोणाचं तरी बोट गेलेलं असतं.

आमच्यात कान गेला असं कोणी म्हणत नाही. चाळिशीला बापाला ऐकू येईना, शेजारच्या लूमवरच्या सुकदेवकाकांना येईना, सगळ्यांचं तेच. घरी जेवतानाही आम्ही हातानेच भाकरी मागायचो, आणि त्यात काही वावगं आहे असं मला कधी वाटलंच नाही. वाटायला हवं होतं.

योगराज आमच्या घरात कुठून जन्मला देव जाणे! आम्ही सगळे काटकुळे आणि हा नव्वद किलोचा. सुताचा भरलेला बीम दोन माणसं धापा टाकत नेतात, हा एकटा खांद्यावर घेऊन चालायचा. रेल्वेतून रिटायर झालेले शालिग्राम मास्तर उधन्याला पोरांना बॉक्सिंग शिकवायचे. त्यांनी एकदा याला बीम उचलताना पाहिलं आणि घरीच आले. म्हणाले, "पुष्पाबाई, हा मुलगा मला द्या." मी म्हटलं, "घ्या, पण खायला तुम्हीच घाला." हसले बिचारे. चार वर्षं याने पाळी संपली की उधना गाठलं. एक दिवस चुकवला नाही.

त्र्याण्णव साली राज्याची फायनल सुरतेतच होती. शेवटचा राउंड, माझा भाऊ पॉइंटांनी पुढे. घंटा झाली. समोरच्याने हात खाली केले. योगराजला दिसलं एवढंच, की याचं तोंड उघडं पडलंय. त्याने मारला. तो पोरगा आडवा झाला तो उठेचना. पंच मागून ओरडत होता, पण कोणाला ओरडत होता? हॉलमध्ये चपला उडाल्या. चॅम्पियनचा पट्टा आडव्या पडलेल्या त्या पोराला मिळाला आणि माझ्या भावाला बाद केलं.

रिंगणातून उतरला तेव्हा रडत होता. मला म्हणाला, "ताई, घंटी ऐकूच नही उनी माले."

आणि मी काय केलं? मी त्याचं तोंड दाबलं. खरोखर, हाताने. म्हटलं, "गप! कोनले सांगू नको." धनश्रीशी त्याची सुपारी फुटली होती, लग्न अखाजीला, अक्षय्य तृतीयेला. मला वाटलं, बहिऱ्याला पोरगी कोण देईल? शिवाय डॉक्टरने एकदा 'ऐकू येत नाही' असं लिहिलं की परत रिंगणात पाय ठेवू देणार नाहीत. चार दिवसांनी चौकशीला बोलावलं. घंटेनंतर का मारलंस? हा गप्प. मास्तरांनी विचारलं, गप्प. उर्मट आहे म्हणाले, दोन वर्षांची बंदी घातली. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, जनावर. माझा भाऊ, जो शेडमधल्या मांजरीची पिल्लं टोपीत घालून घरी आणायचा!

त्याने मला कधी शब्दाने बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं.

लग्न झालं. चौऱ्याण्णवला प्लेगच्या भीतीने अर्धा गोडादरा गावाकडे पळाला, कारखाने ओस पडले. हा रिकाम्या रस्त्यावर धावत राहिला. म्हणायचा, लूम बंद आहेत तरी कानातली शिट्टी थांबत नाही. त्याच हिवाळ्यात मुकादमाने बापाला मागून हाक मारली, बापाने ऐकली नाही. म्हातारा बहिरा झाला, कामाचा नाही, म्हणून शेठने त्याला काढून टाकलं. बावीस वर्षं त्याच शेठच्या लूमपुढे उभा राहून ज्याचे कान गेले, त्यालाच बहिरा म्हणून हाकललं! याला काय म्हणायचं? माझ्याकडे शब्द आहेत, पण पोरंबाळं ऐकतात.

पंचाण्णवला बंदी उठली आणि योगराज पुन्हा फायनलपर्यंत आला. मी सुकदेवकाकांना आणि शेडमधल्या पंधरा जणांना घेऊन गेले. ज्यांना थोडंफार ऐकू येत होतं, ते रिंगणाच्या चारी बाजूंना एकेक बसवले. सांगून ठेवलं, घंटा झाली की पंजा वर करायचा, बाकीच्यांनी त्यांच्याकडे बघून करायचा. पहिल्या राउंडची घंटा झाली, चारी बाजूंनी पंजे वर गेले. योगराजचा ठोसा निघालेला होता. तो अर्ध्यावर थांबला. मागचे लोक हसले, म्हणाले, काय हे खानदेशी, हात वर करून नाचतात. हसा मेल्यांनो! तिन्ही राउंड तो पंजा बघून थांबला, आणि तिन्ही राउंड जिंकला. पट्टा कमरेला बांधला तेव्हा शालिग्राम मास्तर लहान पोरासारखे हुंदके देत होते.

आता राष्ट्रीय स्पर्धेला जायचं होतं. आठ दिवसांनी मेडिकल. बंगालचा एक जण आहे, त्याला हरवलं की झालं, असं मास्तर म्हणाले होते. योगराज रोज घरात तेच नाव घ्यायचा.

तेवढ्यात शेठला सत्काराची हुक्की आली. जागा कोणती? शेड. वेळ? भर पाळीत. दहा मिनिटं लूम बंद ठेवायचं त्याच्या जीवावर आलं, म्हणून अठ्ठेचाळीस लूम खडखडत असतानाच हार घातला. पेपरवाला आला होता, जनावर लिहिणाराच. कान दाबून उभा होता. शेठ भाषण करत होता आणि कोणाला कणभर ऐकू येत नव्हतं. बा दाराबाहेर उभा. त्याला आत घेतलं नव्हतं.

योगराजने बापाकडे पाहिलं. मग उघडा पंजा डोक्यावर धरला.

सगळ्यांनी कामावरचे हात काढले. एकेक करत अठ्ठेचाळीस लूम थांबले. त्या शेडमध्ये मी पहिल्यांदा पंख्याचा आवाज ऐकला. शेठ ओरडतच राहिला, "...अमारो छोकरो, आमच्या कारखान्याचं मीठ खाऊन..." आणि एकदम दचकून गप्प झाला.

पेपरवाल्याला संधी मिळाली. तो योगराजच्या पाठीमागून पुढे सरकत म्हणाला, "त्र्याण्णवला घंटेनंतर का मारलंत?"

योगराज हलला नाही. पेपरवाल्याने पुन्हा विचारलं, मोठ्याने. सगळे याच्याकडे बघायला लागले. याने माझ्याकडे बघून हाताने विचारलं, काय म्हणतोय?

मला काहीही सांगता आलं असतं. 'तुझं कौतुक करतोय' एवढं हाताने सांगितलं असतं तर मेडिकलपर्यंत निभावलं असतं, कदाचित पुढेही. पण दारात बा उभा होता. मी घंटा वाजवल्याची खूण केली आणि ठोसा दाखवला.

त्याला कळलं. कमरेचा पट्टा त्याने एकदा चाचपला. मग बोलला, आणि आपला आवाज किती मोठा आहे हे त्याला कळत नव्हतं, म्हणून बाहेर रस्त्यापर्यंत गेला.

"घंटी ऐकूच नही उनी माले! मना बापले ऐकू येत नही. आठे या शेडमा कोनलेच ऐकू येत नही!"

सुकदेवकाकांना शब्द कळले नव्हते, तरी त्यांनी पंजा वर केला. मग शेडमधल्या सगळ्यांनी केला. शेठ मुकादमाला म्हणाला, "चालू करो, चालू करो," आणि लूम पुन्हा सुरू झाले.

पेपरात खरं छापून आलं. मेडिकलवाल्यांनी तेच कात्रण समोर ठेवून त्याला बाद केलं. बंगालच्या त्या माणसाशी माझा भाऊ कधी लढला नाही. चोवीस वर्षांचा होता.

त्या दिवशी सत्कारावरून घरी आल्यावर मी धनश्रीपुढे हात जोडले. म्हटलं, "बाई, मीच लपवलं. तुला फसवून दिलं त्याला."

ती भाकरी थापत होती. तिचा बापही भेस्तानला लूमवरच. माझ्याकडे बघून म्हणाली, "मना बापलेबी ऐकू येत नही, ताई. सुपारीच्या दिवशीच वळखलं मी. माले काय नवं?"

मी तिथंच खाली बसले. त्र्याण्णवला त्या चौकशीवाल्यांपुढे मी त्याला बोलू दिलं असतं, तर त्याला निदान कोणी जनावर म्हटलं नसतं.