काचेच्या कपाटातला असली जोडा

खोटे बूट विकण्यात मी नवऱ्यापेक्षा तरबेज होते, हे आधीच सांगून टाकते. लाखनीला हायवेला लागून आमचं चपला-बुटांचं दुकान होतं. ऐंशी सालानंतर पोरांना परदेशी स्पोर्ट बुटांचं वेड लागलं. खरा जोडा कुणाला मिळणार? आग्र्याकडचे ट्रकवाले कोऱ्या बुटांची पोती उतरवून जात. दुपारी शटर अर्धं ओढून मी त्यांवर परदेशी कंपनीचे पट्टे आणि छाप चिकटवायचे. हात इतका बसला होता की छाप तसूभर वाकडा जात नसे.

खरा जोडा दुकानात एकच. नवऱ्यानं लग्नाच्या वर्षी मुंबईहून नमुन्यासाठी आणलेला. तो काचेच्या कपाटात, रस्त्याकडे तोंड करून ठेवलेला असे. तो पायात घालायचा नाही, विकायचाही नाही. दसऱ्याला गल्ल्याबरोबर त्यालाही हळदकुंकू लागायचं. गिऱ्हाईक कुरकुरलं की मी कपाटाकडे बोट करून म्हणायचे, "देवाची आन भाऊ, असली माल हाय. तोच हाय, पाहून घ्या." माझा धाकटा भाऊ कधीमधी माहेरून, कोंढ्याहून यायचा, काउंटरपाशी बसून हे ऐकायचा आणि तोंड फिरवून हसायचा.

त्या वर्षी तो हसण्याच्या मनःस्थितीत नव्हता. पोलीस भरतीत दोनदा हुकला होता आणि वय संपत आलं होतं. ही शेवटची भरती. घरात वडील त्याच्याशी धड बोलत नव्हते. सोयरीक जुळली होती, पण मुलीच्या घरच्यांनी नोकरी लागेपर्यंत थांबू म्हणून सांगितलेलं. धावणीच्या आदल्या दिवशी तो माझ्याकडे मुक्कामाला आला आणि भाताचं ताट तसंच सारून उठला.

"बाई, मी अनवाणीच पळतो. तलावाच्या पाळीवर रोज तसाच पळून राहिलो."

"येडा हाय का? सारे बूट घालून येतीन तिथं," मी म्हणाले. कपाटाचं कुलूप काढलं, नवऱ्याला न विचारता. "हा घाल. आपल्या माणसाले मी डुप्लिकेट देत नाही."

जोडा त्याला मापून केल्यासारखा बसला. मला केवढा अभिमान वाटला! अख्ख्या तालुक्याला फसवलं, पण भावाला खरं दिलं, याचा.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या एसटीतून तो उतरला तो अनवाणी. जोडा हातात होता. मैदानाचा तिसरा फेरा संपता संपता एका बुटाचा तळ सुटला, दुसऱ्याचा जुन्या बिस्किटासारखा भुगा झाला, आणि हा तोंडावर आपटला. उठून पळाला, पण वेळ निघून गेली होती. दुकानापुढे चपला शिवणाऱ्या म्हाताऱ्यानं पुढं मला समजावलं, की न घालता वर्षानुवर्षं काचेमागच्या उन्हात ठेवला म्हणून आतून मेला होता तो. बूट विकून पोट भरणाऱ्या मला एवढंही ठाऊक नव्हतं.

भाऊ स्टुलावर बसतो न बसतो तोच त्याच एसटीतून उतरलेला एक मुलगा दुकानात शिरला. आठवड्यापूर्वी मीच त्याला जोडा विकला होता. हातात पेढ्यांचा पुडा. "वहिनी, धावणीत पास झालो! तुमचा माल असली हाय." पायात माझ्या हातचा छाप, धुळीनं भरलेला, पण जागच्या जागी. मी पेढा घेतला.

तो गेल्यावर भावानं तुटका जोडा काउंटरवर ठेवला. आवाज चढवला असता तर बरं झालं असतं.

"बाई, काचेतलाही तूच चिकटवला होता का?"

"नाही रे. माझं ऐक. देवाची आन, हा असली होता."

बोलले आणि माझं मलाच ऐकू आलं. तेच शब्द, तोच सूर. हातसुद्धा सवयीनं रिकाम्या कपाटाकडे उचलला गेला होता. भावानं त्या हाताकडे पाहिलं, पिशवी उचलली आणि तापलेल्या डांबरावरून अनवाणी बसथांब्याकडे गेला.